भिंतीतल्या नऊशे नव्याण्णव सह्या

मी एक जुनं घडीचं टेबल आहे. मित्रांनो, मोठमोठ्या तहांवर ज्या टेबलांवर सह्या होतात, ती टेबलं पुढे दोरी बांधून लोकांना दाखवतात म्हणे. पण त्या बिचाऱ्यांवर सह्या होतात तरी किती? चार, फार तर पाच. माझ्यावर एक हजार सह्या व्हायच्या होत्या, आणि त्याही एका अख्ख्या देशासाठी. जर्मनीतल्या आखन शहरात त्या दिवशी माझ्याइतकं मजबूत आणि माझ्याइतकं महत्त्वाचं टेबल दुसरं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

म्हणजे सकाळी दहापर्यंत नव्हतं. दहा वाजून पाच मिनिटांनी मला भोक पडलं.

पण आधी जन्माचं सांगतो. माझा जन्म १९५१ सालचा. जर्मनीत घरोघरी भिंतींना फुलाफुलांचा कागद लावतात. तो लांबलचक पसरायचा, त्याला खळ फासायची आणि भिंतीवर चढवायचा. त्या कामाला तीन मीटर लांबीचं, मधोमध दुमडून पेटीसारखं बंद होणारं, काखेत मारून जिने चढता येतील असं टेबल लागतं. तेच मी. माझी फळी पातळ आहे. यात माझा काही दोष नाही. कागदाला वजन नसतं, म्हणून आम्हाला पातळच करतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे भेटलेल्या कुणीही ती ठेवली नाही.

माझे मालक शोल्त्स नावाचे कारागीर होते. फार नीट माणूस. रोज काम संपलं की मला ओल्या फडक्याने पुसायचे, बिजागऱ्यांना तेलाचा एकेक थेंब सोडायचे. सहा वर्षं आम्ही अर्ध्या आखनच्या भिंती सजवल्या. लोक कागदाचं कौतुक करायचे, मालकांचं करायचे, माझं कुणी केलं नाही, पण माझी तक्रार नव्हती. १९५७ साली मालक छातीच्या दुखण्याने गेले आणि त्यांच्या बायकोने मला तळघरात नेऊन ठेवलं, एका बाजूला बटाटे, एका बाजूला कोळसे. दोन वर्षं मी तिथे होतो. बटाट्यांना कोंब फुटले की त्यांना तरी वर बोलावणं यायचं.

शोल्त्सबाई मूळच्या आखनच्या नव्हत्या. त्या ब्रेसलाऊजवळच्या एका लहान गावातल्या. लढाई संपल्यावर ते गाव पोलंडमध्ये गेलं आणि बाई एक हातगाडी ढकलत इकडे आल्या. वरच्या मजल्यावरची खोली त्या विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायच्या. १९५९ साली तिथे श्यामकांत राहत होता. साताऱ्याचा, चोवीस वर्षांचा, यंत्रांचं शिकायला आलेला, आणि सतत खोकणारा, कारण खोलीची भिंत ओल धरायची.

त्याची थोरली बहीण सुलेखाताई नर्स होती. त्या वर्षी तिबेटातून हजारो माणसं डोंगर ओलांडून हिंदुस्थानात आली. आसामात मिसामारीला त्यांच्यासाठी बांबूच्या झोपड्यांची छावणी उघडली, तिथे ताईंची नेमणूक झाली होती. जूनमध्ये त्यांचं पत्र आलं. श्यामकांत सायकल ठेवायला तळघरात आला तेव्हा त्याने ते दिव्याखाली उभं राहून परत एकदा मोठ्याने वाचलं, म्हणून मलाही कळलं.

ताईंनी लिहिलं होतं की ही माणसं थंडीतल्या जाड लोकरी कपड्यांनिशी आली आहेत आणि इथल्या उकाड्याने मुलं तापात जाताहेत. एक म्हातारेबाबा गुडघ्याची पट्टी बदलायला रोज येतात आणि दुभाष्यामार्फत रोज एकच विचारतात, बाहेरच्या लोकांना आमचं माहीत आहे का? "मी रोज आहे म्हणते. श्यामू, मला खोटं बोलायची सवय नाही. तू एवढ्या मोठ्या देशात आहेस. तिथे कुणाला माहीत असेल तर कळव, म्हणजे मला बाबांच्या तोंडाकडे बघता येईल."

श्यामकांतने त्याच दिवशी उत्तर टाकलं, की एक हजार माणसांच्या सह्या घेऊन ऑक्टोबरात युनोकडे पाठवतो, बाबांना तसं सांग. पत्र पेटीत पडल्यावर त्याच्या लक्षात आलं की आखनमध्ये तो एकूण अकरा माणसांना ओळखतो.

त्याने बाईंकडे मला मागितलं आणि लगे हात पहिली सहीही मागितली. टेबल मिळालं. सही मिळाली नाही.

"माझं गाव गेलं तेव्हा रस्त्यावर टेबल कुणी मांडलं होतं, श्रीयुत श्यामकांत?" बाई म्हणाल्या. "टेबल न्या. ओलं ठेवू नका."

आता रस्त्यावर टेबल मांडायचं तर परवानगी हवी. श्यामकांत एका कचेरीत गेला. फॉर्मवर पहिला प्रश्न होता, काय विकणार? तो म्हणाला, काही नाही. कारकून म्हणाला, काही नाही विकायला टेबल कशाला लागतं? शेवटी 'माहिती' असं लिहायचं ठरलं. पुढचा रकाना होता, माल नाशवंत आहे की टिकाऊ? श्यामकांतने बराच विचार केला आणि नाशवंतवर खूण केली. त्यामुळे आम्हाला जागा मिळाली ती गरम पाण्याच्या झऱ्याजवळ, जिथे नाशवंत मालाचा वास कुणाला कळणार नाही. त्या झऱ्यात गंधक आहे. चोवीस तास कुजक्या अंड्यांचा वास येतो. लोक तिथून नाकाला रुमाल लावून, भराभर पाय उचलत जातात. नेमके त्यांना थांबवून आम्ही तिबेटबद्दल बोलणार होतो.

पहिल्या शनिवारी भास्कर आला. हा श्यामकांतचा पुण्याचा मित्र, आता आखनमध्येच शिकणारा. कॉलेजात गॅदरिंगचा सेक्रेटरी होता आणि तेव्हापासून कुठलीही गोष्ट उद्घाटनाशिवाय सुरू होऊ शकते यावर त्याचा विश्वास उरला नव्हता. सायकलवरून सरहद्द ओलांडून हॉलंडात जाऊन त्याने नारळ पैदा केला होता. आणल्यावर प्रश्न पडला, फोडायचा कशावर? फुटपाथवर फोडला तर पोलीस येईल. झऱ्याच्या कठड्यावर फोडला तर सगळं गाव येईल.

"टेबलावर फोडू," भास्कर म्हणाला. "लाकूडच आहे."

श्यामकांतने हात पुढे केला तोवर उशीर झाला होता. नारळ फुटला. मीही फुटलो.

रुपयाएवढं आरपार भोक. तेही अशा जागी, की सह्यांचा कागद पसरला की बरोबर बाराव्या ओळीखाली यायचं. अकरा माणसं नीट सही करायची आणि बाराव्याचं पेन कागदातून खाली घुसायचं. जर्मन माणसाला असलं काही चालत नाही. एक आजोबा तर म्हणाले, जिथे ओळी भक्कम नाहीत तिथे मी नाव देत नाही. मग श्यामकांतने भोकात वाइनच्या बाटलीचं बूच ठोकलं. एका देशाच्या स्वातंत्र्याचं टेबल, आणि बूच लावलेलं. माझी काय अवस्था झाली असेल, तुम्हीच बघा.

दुसऱ्या शनिवारी पाऊस आला. भास्करने पाटी रंगवली होती: वर 'स्वातंत्र्य', मध्ये बर्फाचा डोंगर, खाली ठळक 'तिबेट'. पावसाने वरची ओळ धुऊन नेली. डोंगर राहिला आणि तिबेट राहिलं. आणि काय सांगू, लोकांची रांग लागली. श्यामकांतला आनंदाने खोकला यायचा थांबला. दोनशे तेरा सह्या एका दिवसात. मग एका बाईंनी विचारलं, बस आखनहूनच सुटते ना, आणि जेवण धरून आहे का?

सगळे सहलीला निघाले होते.

भास्करचं म्हणणं होतं की सही ती सही, माणूस कुठे निघालाय ते युनोला काय कळतंय. श्यामकांतने ऐकलं नाही. दोनशे तेराच्या दोनशे तेरा ओळींवर त्याने काट मारली.

"अरे, काय करतोस हे?" भास्कर म्हणाला.

"बाबांनी माहीत आहे का विचारलंय," श्यामकांत म्हणाला. "यांना माहीत नाही."

तेव्हापासून त्याने नियमच केला. आधी पाच मिनिटं समजावून सांगायचं, मगच पेन हातात द्यायचं. मित्रांनो, त्या पाच मिनिटांत मी जे ऐकलं ते कुठल्याही टेबलाने ऐकू नये. एकाने विचारलं, तिथे स्की करता येतं का. एक म्हणाला, आधी आमचं बर्लिन, मग तुमचं ते जे काय आहे ते. एका गृहस्थांना तिथले भिक्षू हवेत उडतात का एवढंच हवं होतं. नाही म्हटल्यावर त्यांचा त्या देशातला रसच गेला. एक प्राध्यापक थांबले. त्यांनीच उलट चाळीस मिनिटं तिबेटचा इतिहास सांगितला, सनावळ्यांसकट, माझ्यावर कोपर टेकून. श्यामकांतने पेन पुढे केलं तर म्हणाले, हा विषय दुसऱ्या विभागाकडे येतो. आणि गेले. त्यांचा कुत्रा जाता जाता माझ्या डाव्या पायाशी थांबला. विषयात थोडाफार भाग घेतला तो त्यानेच.

आणि आपली माणसं? आखनमध्ये तेव्हा चाळीसेक हिंदी विद्यार्थी होते. लांबून हात करायचे. जवळ आले तर आवाज खाली. कुणी म्हणे वकिलातीला कळलं तर स्कॉलरशिप जाईल, कुणी म्हणे चीन आपला भाऊ आहे, उगाच कशाला. एकाने तर सही न करता श्यामकांतला सल्ला दिला, की असल्या गोष्टी मनात ठेवाव्यात.

तरी सह्या होत होत्या. एका शनिवारी साठ, एका शनिवारी नऊ. कारखान्यातून सुटलेले कामगार, एक आंधळा ऑर्गनवाला, ट्रामचे दोन कंडक्टर, शाळेतल्या एक शिक्षिका, ज्या पुढच्या आठवड्यात आपल्या आईला घेऊन आल्या. दर शनिवारी संध्याकाळी श्यामकांत ते कागद माझ्या घडीत ठेवायचा, कोरी बाजू वर करून, सह्यांना डाग लागू नये म्हणून, आणि मला बंद करायचा. आणि रोज रात्री वर जाताना बाईंच्या दारावर टकटक करून विचारायचा, आज कराल का सही? बाई म्हणायच्या, नाही. गुड नाइट म्हटल्यासारखं झालं होतं ते.

ऑक्टोबरच्या बारा तारखेला नऊशे नव्याण्णव झाल्या. भास्कर म्हणाला, एक तुझ्या आजोबांच्या नावाने ठोकून दे. श्यामकांत नाही म्हणाला. त्याला दुसऱ्या दिवशी वर्गाबरोबर तीन दिवस एक पोलादाचा कारखाना बघायला जायचं होतं. आल्यावर एक सही घेऊ आणि पाकीट टाकू, असं ठरवून तो गेला.

आता यात बाईंची चूक नव्हती, हे मी आधीच सांगतो. त्यांनी नवऱ्याचं काम आयुष्यभर बघितलं होतं. त्यांना श्यामकांतचा खोकला ऐकवत नव्हता. तो नसताना त्याची ओली भिंत खरवडून तिला नवा कागद लावायचा, असा त्यांचा बेत होता. निळ्या फुलांचा कागदही आणून ठेवला होता. त्यांनी मला उघडलं. दोन वर्षांनी माझं खरं काम मला मिळणार, म्हणून मला किती बरं वाटलं काय सांगू. मी अंग ताणून उभा राहिलो.

या कामात एक रीत असते. ओल खाणाऱ्या भिंतीला फुलांच्या कागदाखाली आधी रद्दी कागदाचा एक थर देतात. बाई रद्दी शोधायला वळल्या आणि मला उघडताना माझ्या पोटातून खाली घसरलेला चांगल्या जाड कागदांचा गठ्ठा त्यांना दिसला, कोरी बाजू वर. त्यांना वाटलं नवऱ्यानेच कधीतरी ठेवला असेल. चष्मा खाली स्वयंपाकघरात होता.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मला बूच होतं.

एकेक कागद माझ्यावर आला, त्याला खळ लागली आणि तो भिंतीवर गेला. कामगार गेले, कंडक्टर गेले, शिक्षिका आणि त्यांची आई शेजारी शेजारी गेल्या. वरून निळी फुलं आली. काम इतकं सुरेख झालं होतं की मालकांनाही एक सुरकुती शोधून दाखवता आली नसती.

श्यामकांत आला. खोली बघून तो खरंच हरखला. मग त्याने मला उघडलं.

त्याने आवाज चढवला नाही. बाईंना वर बोलावून विचारलं, इथले कागद कुठे आहेत? बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून ते बोट हळूहळू खाली आणलं. एका कोपऱ्यात कागद सोलून बघितला. सह्यांचा कागद भिंतीबरोबर निघाला, चुऱ्यासारखा. शोल्त्स घराण्याची खळ होती ती.

बाई माझ्याजवळ आल्या. मग मालकांची चपटी सुतारी पेन्सिल त्यांनी खिशातून काढली.

"ते गाव मला परत नकोय," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात आता कुणी दुसरी बाई राहत असेल. तिचंही कुठलं तरी गाव गेलं असणार. पण चौदा वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही. तुम्ही रोज विचारत होता. म्हणून मी नाही म्हणत होते. हो म्हटलं असतं तर तुमचं विचारणं थांबलं असतं."

कागद उरला नव्हता. त्यांनी माझ्याच कडेवर सही केली, आणि खाली आपल्या गावाचं नाव लिहिलं. हजारावी.

त्याच महिन्यात युनोत ठराव झाला. आमच्या सह्यांवाचून त्यांचं काही अडलं नाही. ठरावात देशाच्या स्वातंत्र्याबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि मतदानात आपल्या सरकारने हात धड वरही केला नाही आणि खालीही ठेवला नाही. श्यामकांतने ताईंना लिहिलं, हजार सह्या पूर्ण झाल्या, पैकी नऊशे नव्याण्णव माझ्या भिंतीत आहेत. आणि सगळं खरं खरं लिहिलं.

ताईंचं उत्तर नोव्हेंबरात आलं. "तुझं पत्र मी बाबांना दुभाष्याकडून शब्दन् शब्द ऐकवलं. बाबा हसले. छावणीत आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, आमच्याकडे स्तूप बांधतात तेव्हा प्रार्थना लिहिलेल्या कागदांच्या सुरळ्या त्याच्या पोटात घालून वरून बंद करतात. त्या कुणी वाचायच्या नसतात, त्या आत असायच्या असतात. नऊशे नव्याण्णव माणसांनी ऐकून घेऊन नावं लिहिली ना, मग झालं. ती भिंत पाडू नका म्हणाले. आणि बाहेर राहिलेल्या त्या बाईंचं गाव कुठलं, ते विचारलंय."

श्यामकांतने बाईंना वाचून दाखवलं. बाईंनी विचारलं, त्यांच्या गावाचं नाव काय? ते पुढच्या पत्रात आलं. बाईंनी पेन्सिल काढून आपल्या गावाशेजारी तेही लिहिलं, एकेक अक्षर विचारून. पुढे बाबांना डोंगरात रस्ते बांधायच्या कामावर पाठवलं आणि ताईंनाही त्यांचा पत्ता लागला नाही.

यानंतर मी शांतपणे म्हातारा झालो असतो, पण १९६२ साल आलं. चीनने आपल्यावर हल्ला केला, आणि आखनमधले चाळीसच्या चाळीस हिंदी विद्यार्थी सकाळी सात वाजता शोल्त्सबाईंच्या दारात. तिबेटसाठी सही कुठे करायची? मनात ठेवायचा सल्ला देणारे गृहस्थ सगळ्यात पुढे. समिती झाली, भास्कर अध्यक्ष झाला. उपाध्यक्ष कोण यावरून तीन आठवडे माझ्यावर मुठी आपटून चर्चा झाली. दोनदा बूच उडालं. लढाई थांबली आणि चौथ्या आठवड्यात बैठकीला मी एकटाच होतो.

मित्रांनो, तिबेटचं जगाला काही पडलंय का, असं मला विचाराल तर मी साधं टेबल आहे. मला एवढंच कळतं, की लोक येतात, कोपर टेकतात, बस कधी सुटते विचारतात आणि ज्या दिवशी स्वतःला टोचतं त्या दिवशीच पेन मागतात. तुम्हाला कधी रस्त्यात कुणी टेबल मांडून बसलेलं दिसलं तर पाच मिनिटं थांबा. पटलं नाही तर सही करू नका, पण ऐकून घ्या. आणि आम्हा टेबलांनाही जपा. बिजागरीला तेल घाला, ओलं ठेवू नका, कुत्रे लांब धरा. माझी फळी पातळ आहे, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

१९६५ च्या डिसेंबरात युनोत तिबेटबद्दल तिसरा ठराव झाला आणि या वेळी हिंदुस्थानने हात वर केला. श्यामकांतला तोवर डॉक्टरेट मिळाली होती, पण खोली तीच होती आणि निळी फुलंही तीच. भास्कर पेपर फडकवत आला. दुसऱ्या हातात नारळ होता. बाई नाही म्हणाल्या. श्यामकांतही नाही म्हणाला. भास्कर म्हणाला, काळजी नको, या वेळी खाली टॉवेल घालतो.

टॉवेल चौपदरी होता. मी मधोमध मोडलो. दोन गावांची नावं असलेली कड बाईंनी करवतीने कापून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. उरलेला मी तळघरात, बटाट्यांजवळ आहे. नारळ फुटला नाही.